मंगळवारचं पाणी

पाच फ्लास्क शेगडीवर चढवून प्रयोगशाळेतल्या तपासनीस बाईने घड्याळ लावलं, आणि उकळी फुटेपर्यंतच्या मोकळ्या वेळात गेले दोन महिने करत होती तोच हिशेब पुन्हा एकदा केला. नव्या इमारतीतलं सात नंबरचं घर मिळालं तर रोजच्या दोन बस वाचणार होत्या. दोन बस म्हणजे पावणेतीन तास. तेवढ्यात मुलीचा अभ्यास, स्वतःची डुलकी आणि सासूबाईंशी एखादं भांडण निवांतपणे उरकता आलं असतं. मुलीला जेवणाच्या टेबलाखाली अंथरूण घालावं लागलं नसतं. सासूबाईंना दार असलेली खोली मिळाली असती, आणि त्या दाराचा फायदा सासूबाईंपेक्षा तिलाच जास्त झाला असता. बदल्यात तिने फक्त एका तक्त्यावर सही करायची होती.

जलखात्याच्या वसाहतीत जुनी बारा घरं होती आणि त्यांच्यामागे नवी इमारत बांधून, रंगवून, कुलपं लावून तयार होती. सगळ्यांना पाणी एकाच विहिरीचं. त्या पाण्यात मँगनीज नाही, असा वर्षाचा तक्ता साहेबांकडे गेला की कुलपं निघणार होती. मँगनीज हा धातू पाण्यात विरघळला की डोळ्यांना दिसत नाही. आम्लात उकळून वर पांढरी पूड टाकली की मात्र तो गुलाबी होऊन समोर येतो. जितका जास्त, तितका गडद. वसाहतीच्या बाटल्या कधी गुलाबी झाल्या नव्हत्या. तिच्या एका वर्षात नाही, आणि तिच्या आधी बारा वर्षं त्याच स्टुलावर बसलेल्या गृहस्थांच्या काळातही नाही.

ते गृहस्थ त्याच वेळी दारात उभे होते. मंगळवार होता.

त्यांना सगळं खातं शून्यकाका म्हणायचं. तोंडावर काका, पाठीमागे शून्यकाका, आणि त्यांना दोन्ही ठाऊक होतं. निवृत्त होऊन वर्ष झालं, राहायला अजून वसाहतीतल्या एक नंबरातच, तरी दर मंगळवारी अकराला ते यायचे. आधी दारात थबकायचे, जणू उंबरठ्यावर कुणी रेघ ओढली आहे. मग बारीक बारीक पावलं टाकत स्टुलापर्यंत यायचे आणि बसायचे कसले, पडायचेच. चेहरा इस्त्री केल्यासारखा झाला होता. हसले तरी ते आवाजावरून ओळखावं लागे.

"गुलाबी?" त्यांनी फ्लास्ककडे न बघताच विचारलं. हा त्यांचा नमस्कार होता.

"पांढरं स्वच्छ," ती म्हणाली. हा तिचा.

काकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. काढायलाच मिनिट लागलं. हयातीचा दाखला होता. बँकेने परत पाठवला होता, सही जुळत नाही म्हणून.

"मी जिवंत आहे एवढं लिहून हवंय," काका म्हणाले. "बँकेचं म्हणणं, माणूस असेल, पण तो हा नव्हे."

"काय झालं सहीला?"

"वय. डॉक्टरही वयच म्हणाले. वयाला मर्यादा काय धरायची हे मात्र कुठल्या तक्त्यात नाही."

तिने कागद उजेडात धरला. सहीच्या जागी निळा दोरा चिकटल्यासारखं काहीतरी होतं. जुन्या सहीचा नमुना जोडला तर साहेब शिक्का मारतील, असं म्हणून तिने कपाटातून काकांच्या नोंदवह्या खाली काढल्या. बारा होत्या. पहिली उघडली. वसाहत, विहीर, मँगनीज: आढळले नाही. अक्षर असं, की दोन ओळींमधली जागा भरून वर वेलांटीने वरच्या ओळीला टोचावं. तिला हसू आलं. माणूस ऐन उमेदीत होता.

पाचवी वही. आढळले नाही. अक्षरं ओळीवर नीट बसली होती, कुणाला टोचत नव्हती.

आठवी. आढळले नाही. आता वरची अर्धी ओळ मोकळी होती.

अकराव्या वहीत तिने भिंग घेतलं. मुंग्यांची रांग पानावरून चालली होती. बाराव्या वहीतल्या शेवटच्या मंगळवारी मुंग्याही नव्हत्या. एक रेघ होती, मधे किंचित थरथरलेली, आणि ती काय म्हणते हे आधीची बारा वर्षं वाचली होती म्हणूनच कळत होतं.

तिने वह्या मिटल्या नाहीत. पहिली आणि बारावी शेजारी शेजारी ठेवून ती बघत राहिली. खोलीत शेगडीचा आवाज होता आणि तिच्या मागे स्टुलावर, एखाद्या यंत्राने मोजून हलवावा तसा, काकांचा उजवा अंगठा तर्जनीवर घासत होता.

बाटलीमामा आले तेव्हा ती अजून उभीच होती. बाटलीमामा म्हणजे विहिरींवरून नमुने आणणारे. अठ्ठावीस वर्षं सायकल, तीच पिशवी, आणि बोलायला सुरुवात केली की खातं बंद पडेल एवढी बातमी.

"काका, बसा बसा, उठू नका," ते म्हणाले. काका उठण्याच्या बेतात अजिबात नव्हते. "बाई, वसाहतीच्या तीन. शुक्रवारच्या आहेत, मधे सुट्टी आली."

तिने एक बाटली उचलली. भिंतीवर, स्टुलाच्या बरोबर वर, पिवळा पडलेला नियमांचा तक्ता होता. वर्षभर तिची पाठ त्याच्याकडे होती. नियम तिसरा: नमुना घेताच बाटलीत आम्ल घालावे.

"मामा, आम्ल विहिरीवर घालायचं असतं ना?"

"ते जुनं झालं," मामा म्हणाले. "ही विहीर व्हायच्या आधी घालायचो. काका नवे आले त्याच आठवड्यात बाटली सांडली पिशवीत. इथे," त्यांनी मांडीवर हात ठेवला, "पँट गेली, वर कातडं गेलं. काका स्वतः दवाखान्यात बसले माझ्याजवळ. म्हणाले, मामा, उद्यापासून साधं पाणी आण, आम्ल मी इथे घालतो. देवमाणूस."

"कुठे घालत होता, काका?" तिने विचारलं. "बाटलीत, की बाटलीतून ओतून घेतल्यावर फ्लास्कमध्ये?"

काकांचा अंगठा थांबला.

ती स्वतः फ्लास्कमध्ये घालत होती. काकांनी शिकवलं होतं तसंच. तिने बाटलीतलं पाणी ओतून टाकलं आणि रिकामी बाटली खिडकीशी धरली. आत तपकिरी पापुद्रा होता. ब्रशने जात नाही, म्हणून या बाटल्यांचा रंगच असा, असं ती समजत होती. पाणी चार-पाच दिवस बाटलीत पडून राहायचं. आम्ल नसेल तर मँगनीज पाण्यात थांबत नाही, बाटलीच्या अंगाला जाऊन बसतं. एकदा पापुद्रा धरला की पुढचं आणखी लवकर बसतं. दोघांनी बाटलीतून ओतलं होतं ते उरलेलं पाणी. ज्याला शोधायचं तो भिंतीला पाठ लावून उभा होता, आणि हे दोघं रिकाम्या खोलीला हाका मारून 'नाही' लिहीत होते.

तिने बाटलीत थोडं आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं. पापुद्रा फसफसला. तीन मिनिटांत बाटली नव्यासारखी झाली. ते पाणी तिने उकळलं, पूड टाकली, पुन्हा उकळलं.  

आधी वाटलं काही होणार नाही. मग तळातून रंग चढायला लागला, आणि गुलाबीच्या पुढे जाऊन जांभळ्यावर थांबला.

काका बराच वेळ बघत होते. मग नेहमीच्याच सपाट आवाजात म्हणाले, "हा कित्येक वर्षांचा थर आहे. यावरून आकडा लिहायचा नाही. नवी बाटली घे. आम्ल आधी घाल. उद्या स्वतः जा."

"काका..."

"पद्धत म्हणजे पद्धत," ते म्हणाले, आणि बोलून झाल्यावर नियमांच्या तक्त्याकडे पाठ करून बसले.

बुधवारी ती स्वतः गेली. नवी बाटली, आम्ल आधी. परत आली तर काका प्रयोगशाळेत. बुधवारी ते पहिल्यांदाच आले होते. रंग चढला, मशीनने आकडा दिला: एक पूर्णांक आठ. मर्यादा शून्य पूर्णांक एक.

काकांनी आकडा पाहिला नाही. रंगावरूनच त्यांना साधारण कळलं होतं. ते दुसरंच काहीतरी मोजत होते.

"बारा घरं," ते म्हणाले. "तीन नंबरातली धाकटी अजून अक्षरं उलटी काढते. सहा नंबरचा मुलगा दोनदा नापास. मी त्याला आळशी म्हणालो होतो, सगळ्यांसमोर. नऊ नंबरात जुळी आहेत."

"मुलं नापास होतात, काका. पाण्याशिवायही."

"लोकांनी एकदा तक्रार केली होती. कपड्यांवर काळे डाग पडतात म्हणून. सभा भरली. मी सगळ्यांसमोर नळाचे दोन पेले प्यायलो. म्हटलं, माझा आकडा शून्य आहे. मी पितो, तुम्हीही प्या." त्यांनी खाली बघितलं. "मग त्यांनी तक्रार केली नाही. माझ्यावर विश्वास ठेवला, मुली. सगळ्यांनी प्यायलं."

 मँगनीज जास्त झालं की मुलांच्या डोक्यावर आणि मोठ्यांच्या हातापायांवर, चालण्यावर, अक्षरावर उतरतं, असं पुस्तकात होतं. कुणाच्या कुठल्या दुखण्याला तेच कारण, हे सांगणारं यंत्र तिच्याकडे नव्हतं. तिच्याकडे फक्त बारा वह्या होत्या.

गुरुवारी साहेब आले. साहेब वाईट नव्हते. कुणाला दुखवायचं नसलं की ते आधी पंख्याकडे बघत.

"मॅडम, पद्धत बदलली म्हणून आकडा बदलला," ते पंख्याला म्हणाले. "जुन्या पद्धतीने जुना आकडा येतोच आहे ना? दोन्ही तुमचेच. मी काही सांगत नाही. सात नंबरच्या किल्लीला तुमच्या नावाची चिठ्ठी लावून झाली आहे, एवढं आपलं कानावर घालतो."

ती रात्रभर जागली वगैरे नाही. दिवसभर दमलेल्या माणसाला ते परवडत नाही. सकाळच्या बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली, आणि मांडीवरच्या पिशवीवर तिने उगीच बोटाने स्वतःची सही गिरवून बघितली. पुरेशी मोठी आली. मग तिने खिडकीकडे पाहिलं आणि मनात मुलीचं अंथरूण टेबलाखाली होतं तिथे परत घातलं. प्रयोगशाळेत पोचल्यावर तक्त्यात लिहिलं: १.८.

मर्यादेबाहेर आकडा गेला की एक लांबलचक फॉर्म भरावा लागतो. त्यातला अकरावा रकाना होता: हे पाणी पिणाऱ्यांची संख्या. काकांनी विचारलं, कधी मोजणार? ती म्हणाली, मंगळवारी. तुम्ही इथे बसा, मी जाऊन येते. एकेका शेजाऱ्याच्या दारात उभे राहून ते 'किती जण पिता' विचारताहेत, हे तिला बघायचं नव्हतं.

मंगळवारी साडेअकराला ती वसाहतीच्या फाटकाशी पोचली आणि तिथेच थांबली.

फाटकाबाहेर बसथांब्याजवळ शहराच्या पाण्याचा सार्वजनिक नळ होता. तिथे रांग होती. तीन नंबरच्या बाई, सहा नंबरचे आजोबा, नऊ नंबरची जुळी मुलं एका कॅनला दोन्ही बाजूंनी धरून. कॅनवर टॉवेल, टॉवेलवर धुतलेले कपडे. पाच नंबरची बाई बाबागाडी ढकलत आली. गाडीत दोन कॅन, वर दुपटं. तिचं बाळ शाळेत जायला लागून दोन वर्षं झाली होती. कुणी घाईत नव्हतं. पण सगळ्यांचं एक डोळा ठेवणं चालू होतं, एक नंबरच्या, काकांच्या दारावर, आणि ते दार बंद आहे हे पुन्हा पुन्हा बघून झाल्यावर ते मोकळेपणाने हसत होते.

"काका गेलेत ना तुमच्याकडे?" बाबागाडीवालीने तिलाच विचारलं.

"बसलेत तिथे."

"मग झालं. आज आठवड्याचं भरून घेतो. एरवी हे असं थोडं थोडं," तिने गाडीचा दांडा थोपटला.

"किती वर्षं?"

"त्या सभेपासून. त्या पाण्याने भांडी काळी पडायची, पोटात कोण घालणार? पण काका इतके पेलेच्या पेले प्यायले. माझ्या धाकट्याच्या शाळेचा अर्ज त्यांनीच लिहिला, सहा नंबरच्या आजोबांची पेन्शन त्यांनीच सोडवली. अशा माणसाला तोंडावर खोटं कसं पाडायचं? नोकरीत होते तोवर सोपं होतं, रोज दहा ते पाच भरायचो. निवृत्त झाले आणि ओट्यावर खुर्ची टाकून बसले की हो." ती हळूच हसली. "मंगळवारी तिकडे जा म्हणून आम्हीच आळीपाळीने आठवण करतो."

तपासनीस बाईने दार ठोठावून एकेक घर केलं. बारा नंबरापासून दोन नंबरापर्यंत. पिता का? नाही. कधी प्यायलात? सभेनंतर नाही. मुलं? छे. दोनात नाही, तिनात नाही, अकरात नाही, बारात नाही. बाटलीमामा चार नंबरात राहत. त्यांनी उत्तर द्यायच्या आधी मांडीवर हात ठेवला. "आमची ही पहिल्यापासून शहराचं भरते," ते म्हणाले. "मी काकांना बोललो नाही. दवाखान्यात बसले होते ना माझ्याजवळ."

शेवटी एक नंबर.

काकूंनी दार उघडलं, तिच्या हातातला फॉर्म बघितला आणि काही न विचारता स्वयंपाकघरात नेलं. ओट्यावर पाण्याची दोन पिंपं होती. एकाचं झाकण पांढरं, एकाचं निळं. त्यांनी पांढऱ्यातून पेला भरून पुढे केला.

"घे. हे चांगलं आहे."

तिने पेला घेतला. "आणि निळं?"

"निळं त्यांचं."

बाहेर बाबागाडीची चाकं कुरकुरत गेली.

"एकदा बदललं होतं मी," काकू म्हणाल्या. "शहराचं भरून ठेवलं निळ्यात. एक घोट घेतला आणि म्हणाले, हे आपलं पाणी नाही. कुंडीत ओतलं. दोन दिवस बोलले नाहीत. माणूस चुकीला भीत नव्हता गं, पण घरातूनच आपल्या शून्यावर विश्वास नाही म्हटल्यावर..." त्यांनी निळं झाकण उचललं, आत बघितलं, परत ठेवलं. "मग मी भरत राहिले. रोज. स्वच्छ घासून, गाळून. त्यांच्या हाताला पहिल्यांदा कापरं भरलं तेव्हा मी पेला अर्धाच भरायला लागले, सांडू नये म्हणून."

तिने पाणी प्यायलं. पेला ठेवायला जागा शोधली आणि शेवटी हातातच धरून उभी राहिली.

"किती लिहिणार?" काकूंनी विचारलं.

"मोजलं तेवढंच."

ती परतली तेव्हा काका स्टुलावर होते. आठवडाभरात त्यांनी कागदाचा एक चिठोरा भरून ठेवला होता. भिंगाशिवाय वाचता येत नव्हता, पण काय होतं ते तिला ठाऊक होतं. बारा घरं, त्यांतली माणसं, त्यांची मुलं, मुलांची वयं. नापास झालेल्या, अक्षरं उलटी काढणाऱ्या मुलांच्या नावांपुढे फुल्या होत्या.

"बँकेने सही मान्य केली," ती म्हणाली. कुठून सुरुवात करावी हे कळत नव्हतं.

"म्हणजे मी आहे. बरं. किती?"

तिने बॅगेतून फॉर्म काढला. अकरावा रकाना कोरा होता. वाटेत दोनदा पेन काढून तिने दोनदा मिटलं होतं. मोठा आकडा सांगितला तर हा माणूस त्या मुलांच्या ओझ्याखाली उरलेली वर्षं काढणार. खरा सांगितला तर त्या सभेनंतर एकानेही त्याच्या शून्यावर विश्वास ठेवला नव्हता हे त्याला कळणार. दोन्हींपैकी स्वस्त कुठला हे तिला ठरवता येईना.

"कुणी पीत नव्हतं, काका. फाटकाबाहेरून भरतात. सभेपासून."

चेहरा होता तसाच राहिला. अंगठा मात्र थांबला.

"तीन नंबर?"

"नाही."

"जुळी?"

"जन्मापासून शहराचं."

"अकराच्या अकरा घरं?"

"अकराच्या अकरा."

काकांनी चिठोऱ्यावर हात ठेवला आणि तो हळूहळू मुठीत घेतला. त्यांच्या घशातून आवाज आला. हसणं असावं असं तिला वाटलं. चेहऱ्यावरून ओळखायची सोय राहिली नव्हती.

"म्हणून मंगळवार," ते थोड्या वेळाने म्हणाले. "मला वाटायचं, लोकांना किती काळजी, आठवण करतात." मग: "बरं झालं. फार बरं झालं." आणि आणखी बऱ्याच वेळाने, खिडकीकडे बघत, "आणि एक नंबर?"

तिने फॉर्मची घडी बोटाने सपाट केली.

"दोन पिंपं आहेत," काका म्हणाले. "मला वाटायचं, एक स्वयंपाकाचं."

मामांची मांडी पुन्हा भाजली नव्हती. वसाहतीने एका चांगल्या माणसाचं मन राखलं होतं. काकूंनी घर राखलं होतं. साहेबांना वरून एक खरमरीत पत्र यायचं होतं. नव्या इमारतीची कुलपं निघणार नव्हती, आणि सात नंबरच्या किल्लीला लावलेली तिच्या नावाची चिठ्ठी कुणीतरी आधीच सोडवून ठेवली होती. पावणेतीन तास, दुपारची डुलकी, सासूबाईंचं दार. एवढं सगळं मांडूनही बाकी उरत होती.

काकांनी हात पुढे केला. तिने पेन दिलं, फॉर्म स्टुलाजवळच्या फळीवर सरळ केला, आणि कागद सरकू नये म्हणून दोन्ही कोपरे दाबून धरले. अकराव्या रकान्यात त्यांनी स्वतःपुरता आकडा काढला. काढायला वेळ लागला.

बुधवारी साहेबांनी फॉर्म खिडकीच्या उजेडात धरून बघितला, मग डोळ्यांजवळ आणला.

"अकरावा रकाना राहिलाय, मॅडम. नुसता शाईचा ठिपका पडलाय."

तिने ड्रॉवरमधून भिंग काढून त्यांच्यापुढे ठेवलं.